कॅलिफोर्नियातील काउंट्यांची वांशिक रचना : जनगणना आणि नमुना पाहणीतील आकडे कसे वाचावेत

लोकसंख्येचे आकडे वस्तुस्थिती सांगतात, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक जनगणनेतील प्रत्येक आकडा हा एका विशिष्ट प्रश्नाला मिळालेले उत्तर असतो. प्रश्न कोणी ठरवला, तो कोणाला विचारला आणि उत्तराची नोंद कोणत्या वर्गात केली, यावर आकड्याचा अर्थ अवलंबून राहतो. वय किंवा लिंग यांच्या बाबतीत ही अडचण फारशी जाणवत नाही. वंश, जात, भाषा यांसारख्या सामाजिक ओळखींच्या बाबतीत मात्र ती कळीची ठरते. या दृष्टीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या काउंट्यांची वांशिक आकडेवारी अभ्यासकांना पुष्कळ शिकवून जाते.

राज्य आणि त्याच्या काउंट्या

काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय घटक असून त्याची तुलना ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याशी करता येईल. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांहून अधिक होती. त्यांपैकी एकट्या लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीहून थोडे अधिक लोक राहत होते, तर सिएरा नेवाडा पर्वतराजीतील अल्पाइन काउंटीची लोकसंख्या होती अवघी १,२०४.

वांशिक रचनेतही असाच फरक आढळतो. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या इंपीरियल या शेतीप्रधान काउंटीत सुमारे ८५ टक्के लोक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकी वारशाचे आहेत. संगणक उद्योगाचे केंद्र असलेल्या सांता क्लारा काउंटीत आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. उत्तरेकडील सिएरा, प्लुमास, ट्रिनिटी अशा विरळ वस्तीच्या डोंगराळ काउंट्यांत मात्र दर पाच जणांपैकी सुमारे चार बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीय आहेत. म्हणजेच राज्याची सरासरी कोणत्याही एका काउंटीचे चित्र दाखवत नाही.

गणना आणि पाहणी

ही आकडेवारी दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग दशवार्षिक जनगणनेचा. अमेरिकेच्या राज्यघटनेने ती बंधनकारक केली असून पहिली जनगणना १७९० मध्ये झाली. तीत प्रत्येक रहिवाशाची नोंद करणे अपेक्षित असते. मात्र प्रश्न मोजकेच असतात.

दुसरा मार्ग ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या नमुना पाहणीचा. पूर्वी जनगणनेच्या वेळी काही कुटुंबांकडून मोठी प्रश्नावली भरून घेतली जाई. २००० नंतर ही पद्धत बंद झाली आणि २००५ पासून वर्षभर चालणारी ही पाहणी पूर्ण स्वरूपात सुरू झाली. तीत दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्ते निवडले जातात. उत्पन्न, शिक्षण, नागरिकत्व, जन्मस्थान, घरात बोलली जाणारी भाषा अशी विस्तृत माहिती तीतून मिळते. घरच्या भाषांच्या तपशीलवार यादीत मराठीचीही स्वतंत्र नोंद आढळते.

पाहणीतील आकडा हा अंदाज असतो, म्हणून त्याच्यासोबत त्रुटिमर्यादा दिलेली असते. ६५ हजार किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी एका वर्षाच्या नमुन्यावरून अंदाज प्रसिद्ध होतात. लहान क्षेत्रांसाठी सलग पाच वर्षांचा नमुना एकत्र करावा लागतो. कॅलिफोर्नियातील पंधराहून अधिक काउंट्या या दुसऱ्या गटात मोडतात. त्यांच्याबाबत ‘अमुक वर्षीचे प्रमाण’ असे म्हणणे चुकीचे ठरते. तो पाच वर्षांच्या कालखंडाचा अंदाज असतो.

प्रश्न बदलला, उत्तर बदलले

अमेरिकेत १९९७ च्या मानकांनुसार दोन स्वतंत्र प्रश्न विचारले जात आले : व्यक्ती हिस्पॅनिक आहे काय, आणि तिचा वंश कोणता? म्हणजे हिस्पॅनिक हा वंश मानलेला नाही. हिस्पॅनिक व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकते. २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभाही मिळाली. या रचनेचा परिणाम पुढील तक्त्यात स्पष्ट दिसतो.

तक्ता : कॅलिफोर्नियाच्या लोकसंख्येतील प्रमाण (टक्के)

केवळ श्वेतवर्णीय (हिस्पॅनिक धरून) : २०१० – ५७.६, २०२० – ४१.२
बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीय : २०१० – ४०.१, २०२० – ३४.७
अन्य वंश : २०१० – १७.०, २०२० – २१.२
दोन किंवा अधिक वंश : २०१० – ४.९, २०२० – १४.६
हिस्पॅनिक (कोणत्याही वंशाचे) : २०१० – ३७.६, २०२० – ३९.४

पहिल्या ओळीवरून दहा वर्षांत श्वेतवर्णीयांचे प्रमाण सोळा अंकांनी घसरले असे वाटते. दुसरी ओळ पाहिली, तर घसरण साडेपाच अंकांच्या आसपास भरते. दोन्ही आकडे अधिकृत आहेत, मग हा फरक कशामुळे? २०२० च्या प्रश्नावलीत वंशाच्या पर्यायाखाली आपले मूळ लिहिण्यासाठी अधिक जागा दिली गेली आणि लिहिलेल्या उत्तरांचे संकेतांकन अधिक बारकाईने झाले. श्वेतवर्णीय या पर्यायावर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ असे लिहिणाऱ्या व्यक्तीच्या नावे ‘अन्य वंश’ हाही संकेत नोंदला गेला आणि ती ‘दोन किंवा अधिक वंश’ या गटात गेली. माणसे तीच राहिली, त्यांचा रकाना बदलला. बहुवंशीयांच्या वाढीतील मोठा भाग मोजणीच्या सुधारित पद्धतीतून आला, हे अमेरिकेच्या जनगणना कार्यालयानेही नमूद केले आहे. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित मानकांनी तर दोन प्रश्नांऐवजी एकच संयुक्त प्रश्न आणि ‘मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकी’ हा नवा वर्ग सुचवला आहे. हे बदल अमलात आल्यावर जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना आणखी कठीण होईल.

भारतीयांची बदलती नोंद

वर्गवारी किती बदलू शकते, याचे उदाहरण भारतीय स्थलांतरितांच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पंजाबी शेतकरी इंपीरियल खोऱ्यात आणि उत्तरेकडील युबा सिटीच्या परिसरात स्थिरावले. त्यांत शिखांची संख्या मोठी होती. तरीही १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनांत भारतीयांचा वंश ‘हिंदू’ असा नोंदवला गेला. भगतसिंग थिंड खटल्यात १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे नागरिकत्व कायद्याच्या अर्थाने ‘श्वेतवर्णीय’ नाहीत, असा निर्णय दिला. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्यांना कॅलिफोर्नियात शेतजमिनीची मालकी घेता येत नसे, त्यामुळे हा निर्णय थेट उपजीविकेपर्यंत पोहोचला. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना श्वेतवर्णीयांत झाली आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ ही स्वतंत्र नोंद आली.

दरम्यान, १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. त्याचा लाभ घेऊन १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद हे १९५६ मध्ये इंपीरियल आणि रिव्हरसाइड काउंट्यांच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ज्या इंपीरियल काउंटीत भारतीयांना जमीन मिळत नव्हती, तिनेच एका भारतीयाला संसदेत पाठवले.

लहान काउंटीतील सावधगिरी

काउंटी जितकी लहान, तितका आकडा नाजूक. अल्पाइनसारख्या ठिकाणी नमुन्यात काही कुटुंबे अधिक-उणी आली तरी प्रमाण लक्षणीय बदलते. याशिवाय २०२० मध्ये व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून जनगणना कार्यालयाने काउंटी व त्याखालील स्तरांवरील आकड्यांत गणिती पद्धतीने अल्प फेरफार केले. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र जशीच्या तशी ठेवली गेली.

गोपनीयतेबाबतच्या या दक्षतेला कटू इतिहासाची पार्श्वभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवताना १९४० च्या जनगणनेतील लहान क्षेत्रांची माहिती वापरली गेली होती.

आणखी एक मुद्दा तुरुंगांचा. जनगणनेत कैद्याची नोंद तो ज्या तुरुंगात आहे तेथे होते. ईशान्येकडील लासेन या विरळ वस्तीच्या काउंटीत मोठे तुरुंग असल्याने २०१० मध्ये तेथील कृष्णवर्णीयांचे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या सरासरीहून अधिक दिसले. गावात राहणाऱ्या समाजाचे ते प्रतिबिंब नव्हते. ही विसंगती दूर करण्यासाठी कॅलिफोर्नियाने कायदा करून मतदारसंघ आखताना राज्याच्या तुरुंगातील कैद्यांची गणना त्यांच्या मूळ पत्त्यावर धरण्याची तरतूद केली.

आकड्यांवर काय अवलंबून असते?

जनगणनेवरून प्रतिनिधिगृहातील जागांचे वाटप होते. २०२० नंतर कॅलिफोर्नियाच्या जागा प्रथमच घटून ५३ वरून ५२ झाल्या. मतदान हक्क कायद्यातील १९७५ च्या तरतुदीनुसार, एखाद्या काउंटीतील विशिष्ट भाषिक अल्पसंख्य गटात इंग्रजी पुरेशी न येणारे मतदानक्षम नागरिक १० हजारांहून अधिक किंवा ५ टक्क्यांहून अधिक असतील आणि त्या गटातील निरक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय प्रमाणाहून जास्त असेल, तर निवडणूक साहित्य त्यांच्या भाषेत द्यावे लागते. हा निर्णय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून होतो. २०११ मध्ये लॉस एंजेलिससह तीन काउंट्यांत भारतीय भाषकांना ही सुविधा प्रथम लागू झाली.

म्हणूनच मोजणीतून सुटणे म्हणजे केवळ आकडेवारीतील चूक नव्हे. २०२० च्या जनगणनेनंतरच्या पडताळणीत देशभरात हिस्पॅनिकांची सुमारे ५ टक्के आणि कृष्णवर्णीयांची सुमारे ३.३ टक्के न्यूनगणना झाल्याचे आढळले. उलट बिगर-हिस्पॅनिक श्वेतवर्णीय व आशियाई यांची काहीशी अधिक गणना झाली. ज्यांना प्रतिनिधित्व आणि सेवा यांची गरज अधिक, तेच नोंदीतून सुटण्याचा संभव अधिक असतो.

भारतासाठी बोध

भारतात १९३१ नंतर सर्व जातींची गणना प्रसिद्ध झाली नाही. स्वातंत्र्योत्तर जनगणनांत अनुसूचित जाती व जमातींचीच नोंद होत आली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत लाखो वेगवेगळी नावे नोंदली गेली आणि त्यांचे वर्गीकरण करणे अवघड झाले. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातगणनेचा समावेश करण्याचा निर्णय घेतला. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार या जनगणनेचा संदर्भदिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ आहे. पोटजाती, समान नावे, प्रदेशागणिक बदलणारे उच्चार यांमुळे रकान्यांचा आणि संकेतांकनाचा प्रश्न आपल्याकडेही तितकाच महत्त्वाचा आहे.

कोणताही लोकसंख्या तक्ता हाती घेताना विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात : तो गणनेवर आधारित आहे की नमुन्यावर, दोन्ही वर्षी प्रश्न आणि वर्गवारी तीच होती काय, आणि टक्केवारीचा पाया सर्व रहिवासी आहेत, नागरिक आहेत की मतदार. या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच समाज बदलला की केवळ मोजणीची रीत बदलली, हे सांगता येते. धोरण आखणाऱ्याला आणि प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्याला हा भेद ओळखता आलाच पाहिजे.