तीन शास्त्रांची एक पदवी

महाविद्यालयात प्रवेशाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास कानी पडतो. वडील मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, "सर, यानं अर्थशास्त्र घ्यावं की राज्यशास्त्र?" तत्त्वज्ञानाचे नाव बहुधा कोणी काढत नाही, ते शिकून पोट कसे भरायचे, ही शंका त्या मौनातच असते. ही शास्त्रे म्हणजे तीन निराळी घरे आणि विद्यार्थ्याने त्यांतल्या एकातच बिऱ्हाड करायचे, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. आज ज्या अभ्यासक्रमाची ओळख करून द्यायची आहे, त्याला हे गृहीतच मान्य नाही.

इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात 'ग्रेट्स' नावाचा एक जुना आणि मानाचा अभ्यासक्रम आहे. ग्रीक व लॅटिन वाङ्मय, प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान असा त्याचा पसारा. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, विद्यापीठाने प्रवेशासाठी असलेली ग्रीक भाषेची सक्ती उठवली आणि त्याच साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पी.पी.ई.' म्हणतात. पूर्वी त्याला 'मॉडर्न ग्रेट्स' असेही म्हणत. जुन्या ग्रेट्सने ग्रीस-रोमच्या जगासाठी जे केले, ते याने आजच्या जगासाठी करावे, ही त्यामागची कल्पना.

आता तुम्ही म्हणाल, तीन विषय एका गाठोड्यात बांधले म्हणून त्यांचा एकमेकांशी संबंध थोडाच जडतो? शंका रास्त आहे. पण संबंध नवा जोडायचा नव्हताच, तो पूर्वीपासून होता. 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा अर्थशास्त्राचा पायाभूत ग्रंथ १७७६ साली लिहिणारे अॅडम स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्याकडे कौटिल्याने चार विद्या सांगितल्या; त्यांत वेदविद्येच्या जोडीला आन्वीक्षिकी, वार्ता आणि दंडनीती आहेत. म्हणजे चिकित्सक विचार, शेती-व्यापार आणि राज्यकारभार. शास्त्रे वेगळी झाली ती पुढे, अभ्यासाच्या सोयीसाठी.

इंग्लंडच्याच इतिहासातले एक उदाहरण घेऊ. १८१५ साली पार्लमेंटने धान्याचा कायदा केला. देशी गव्हाचा भाव 'क्वार्टर' या तिकडच्या मापाला ८० शिलिंगांपर्यंत चढल्याखेरीज परदेशी गहू बाजारात विकायचा नाही, असा तो नियम. अर्थशास्त्र विचारते, याने काय होईल? रिकार्डोंनी सांगितले की धान्य महाग राहील, जमीनदाराचा खंड वाढेल आणि कारखानदाराचा नफा घटेल. त्यांचे स्नेही माल्थस यांचे मत उलट होते. अन्नासाठी परक्यांवर विसंबणे त्यांना धोक्याचे वाटे. राज्यशास्त्र विचारते, कायदा केला कोणी? पार्लमेंटात वर्चस्व जमीनदारांचे होते आणि महाग पाव खाणाऱ्या गिरणीकामगाराला मत नव्हते. पुढे १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडून दुष्काळ सुरू झाला. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी हा कायदा रद्द करवला. त्यापायी त्यांचा पक्ष फुटला आणि त्याच वर्षी त्यांचे सरकारही गेले. तत्त्वज्ञानाचा प्रश्न याहून निराळा. एकाच्या उत्पन्नासाठी दुसऱ्याने अर्धपोटी राहावे, हे न्याय्य की अन्याय्य, आणि ते ठरवायचे कोणत्या मापाने?

हा प्रश्न फार दूरचा आहे असे समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त हवा होता, नाशिककडच्या शेतकऱ्याला भाव हवा होता. इथे बाजू उलट्या झाल्या. झळ पिकवणाऱ्याला बसली. पण प्रश्न तेच तीन, आणि त्यांतला एक सोडला तर उरलेल्या दोहोंची उत्तरे अपुरी राहतात.

ऑक्सफर्डचा हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी तिन्ही विषय घ्यावेच लागतात. पुढे हवा तर एक सोडता येतो. शिकवण्याची रीत मोठी कष्टाची. विद्यार्थ्याने ग्रंथ वाचून निबंध लिहायचा आणि दोघा-तिघांच्या बैठकीत गुरूपुढे त्याचे समर्थन करायचे. "हे कशावरून?" या प्रश्नापुढे पाठांतर टिकत नाही.

हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरन हे ब्रिटनचे पंतप्रधान याच अभ्यासक्रमातून आले. पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टोही. म्हणून याला राज्यकर्त्यांचा कारखाना म्हणून टोमणेही मारतात. तिन्हींचे थोडे थोडे आणि बोलणे मात्र अस्खलित, हा त्यावरचा आक्षेप आहे आणि तो अगदीच खोटा नाही. २०२२ साली लिझ ट्रस आणि ऋषी सुनक पंतप्रधानपदासाठी समोरासमोर उभे राहिले. दोघेही पी.पी.ई.चे पदवीधर. कर्ज काढून करकपात करू नये, असे सुनक बजावत होते. ट्रस निवडून आल्या, त्यांनी करकपात जाहीर केली, बाजार गडबडला आणि पन्नास दिवसांच्या आत त्यांचे पद गेले. पदवी एकच, निष्कर्ष दोन! तेव्हा ही पदवी शहाणपणाची हमी देत नाही. कोणते प्रश्न विचारायला हवेत, एवढेच ती शिकवते. ते विचारायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आणि त्यासाठी ऑक्सफर्डलाच जावे लागते असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचेही वर्ग त्यांनी केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की, राजकारणात आपण समान होऊ, प्रत्येकाच्या मताचे मोल एक राहील, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच असेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. हा विचार कोणत्या एका शास्त्राचा म्हणायचा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबरोबर इतर विषय घेण्याची वाट आपल्याकडेही मोकळी होते आहे. म्हणून त्या वडिलांना माझे सांगणे इतकेच असते: मुलाला आवडेल तो विषय खुशाल मुख्य म्हणून घेऊ द्या, पण उरलेल्या दोहोंपैकी निदान एक त्याच्या जोडीला असू द्या. उद्या तो मत देईल, कर भरेल, कदाचित कुणाच्या पोटापाण्याचा निर्णयही त्याच्या हाती येईल. तेव्हा त्याच्यापुढे हे तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतील.