तेच उत्तर पुन्हा का शोधायचे?

'१९ गुणिले १७ किती?' असे कोणी विचारले, तर तुम्ही पाटीवर आकडेमोड कराल आणि ३२३ असे सांगाल. लगेच दुसऱ्याने तेच विचारले, तर पुन्हा गुणाकार कराल का? छे! पाटीवरचे उत्तर वाचून दाखवाल. संगणकालाही ही युक्ती शिकवता येते.

समजा, मीरा-भाईंदरमधील तारोडी गावच्या एका जमिनीचा सातबारा कोणी संगणकावर मागितला. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते, तर बारामध्ये पिकांची नोंद असते. अशा असंख्य नोंदींच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. माहिती मागणारा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामध्ये निरोप्या असतो, तो कनेक्टर. तो प्रश्न पोचवतो व उत्तर आणतो. हुशार कनेक्टर उत्तराची एक प्रत आपल्याजवळही ठेवतो. तोच प्रश्न पुन्हा आला, की डेटाबेसकडे न जाता प्रतीवरून उत्तर देतो. अशा जवळच्या साठ्याचे नाव 'कॅश'. त्याचा रोख पैशांशी काही संबंध नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते आले आहे. संगणकाच्या स्मृतीसाठी अशी कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली होती.

पण थांबा! ती जमीन आज विकली गेली, फेरफार मंजूर झाला आणि डेटाबेसमधले नाव बदलले. कनेक्टरजवळची प्रत मात्र कालचीच! तिच्यावर विसंबून व्यवहार करणारा फसेल. उत्तर झटपट मिळाले, पण शिळे मिळाले.

यावर उपाय दोन. एक, प्रत्येक प्रतीला मुदत घालायची. ती संपली की प्रत रद्द. दुसरा, मूळ नोंद बदलताच प्रत पुसायची. दुसरा उपाय अधिक बिनचूक. पण बदल दुसऱ्याच वाटेने झाला, तर कनेक्टरला ते कळणार कसे?

'मायएसक्यूएल' या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये २००१ साली अशी सोय आली. ती कनेक्टरात नव्हे, खुद्द डेटाबेसमध्येच होती, म्हणून बदल तिला लगेच कळत. परंतु तक्त्यातील एक नोंद जरी बदलली, तरी त्या तक्त्यावरची सारी जपलेली उत्तरे पुसली जात. शिवाय प्रश्नाचे एक अक्षर लहानाऐवजी मोठे आले, तरी तो नवा प्रश्न ठरे! सतत बदलणाऱ्या तक्त्यांत पुसण्याचाच खटाटोप वाढला. एकाच कुलपासाठी अनेक कामे रांगेत खोळंबू लागली. अखेर २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीतून ही सोय काढून टाकण्यात आली.

तेव्हा जपून काय ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. तालुक्यातील गावांची यादी खुशाल ठेवा. ती क्वचितच बदलते. जमिनीच्या मालकाचे नाव मात्र दर वेळी मुळातूनच पाहावे.

आता तुम्हीच सांगा: शाळेचे वेळापत्रक, आजची हजेरी आणि ग्रंथालयात शिल्लक असलेली पुस्तके, यांपैकी कशाची प्रत किती काळ जपून ठेवाल? वर्गात चर्चा करून पाहा.