गाळावर वसलेले अभयारण्य

समुद्रतळाशी सिमेंटचे पोकळ ठोकळे सोडून कृत्रिम प्रवाळभित्ती उभारली, की थोड्याच काळात तेथे मासे जमू लागतात. ते तेथेच वाढले, की आसपासच्या पाण्यातून केवळ गोळा झाले, याचा उलगडा मात्र वर्षानुवर्षांच्या नोंदींखेरीज होत नाही. नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. पण माणसाने पाण्यात बांधकाम करावे आणि निसर्गाने त्याचा ताबा घ्यावा, असा प्रयोग निफाड तालुक्यात शंभर वर्षांहून अधिक काळ सुरू आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूरमध्यमेश्वर येथे ब्रिटिश राजवटीत बंधारा बांधण्यात आला तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्यामागे नव्हता. पुराबरोबर आलेला गाळ साचत गेला आणि साठवणक्षमता घटली. अभियंत्यांच्या हिशेबी हा निव्वळ तोटा. पण त्याच गाळातून उथळ डबकी, बेटे आणि पाणवनस्पतींची दाटी निर्माण झाली. १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. रामसरच्या माहितीत येथील ५३६ जातींचा उल्लेख आहे. त्यांत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा एक चिमुकला मासाही आहे.

हिवाळ्यात चापडगाव, मांजरगाव परिसरात पक्षिगणना होते. तिचे आकडे वाचताना सावध राहावे लागते. पाणी खोल असेल तर बदके वाढतात; ते उतरले की चिखलात चोच खुपसणारे पक्षी गर्दी करतात. पाऊस चांगला झाला, तर तळी सर्वत्र भरलेली असतात आणि पक्षी विखुरतात. म्हणजे संख्या घटली तरी अधिवास बिघडलाच असे नाही. ठरावीक ठिकाणी, ठरावीक महिन्यात, पाण्याच्या पातळीसह वर्षानुवर्षे ठेवलेली नोंदच काही सांगू शकते. पाणवेलींचा वाढता विळखाही अशाच नोंदींतून मापता येतो.

या नोंदींची गरज केवळ पक्षिमित्रांना नाही. चांदोरी, सायखेडा या गावांत पुराचे पाणी शिरते, आणि बंधाऱ्यातील गाळ काढावा ही गोदाकाठची जुनी मागणी आहे. ती रास्तच आहे. मात्र कोणता गाळ पाणी अडवतो आणि कोणत्या गाळावर पक्षी जगतात, हे यंत्रे उतरण्यापूर्वी नकाशावर आखलेले असावे लागेल.