लस गारच गोठ्यात पोहोचवा

लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस तालुक्याहून आणताना तिचा गारवा सांभाळा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. तापली तर ताकद जाते. गोठली तरी निकामी होते. बाटली पाहून हे ओळखू येईलच असे नाही. मग जनावराला सुई टोचली जाते, पण संरक्षण मिळत नाही आणि साथीत दुभती गाय लाळ गाळू लागते.

म्हणून रुंद तोंडाचा थर्मास न्या. तो आधी बर्फाच्या पाण्याने गार करून घ्या. तळाशी बर्फाचे मोठे खडे घाला. चुरा लवकर वितळतो. वर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा आणि त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली. बर्फाचा तिला स्पर्श नको. थर्मास उन्हात किंवा गाडीच्या इंजिनाजवळ ठेवू नका, वाटेत झाकण उघडू नका.

घरी फ्रीज असेल तर बाटली मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. शक्यतो पशुवैद्य येणार त्याच दिवशी लस आणा, सकाळच्या गारव्यात टोचून घ्या. उघडलेली बाटली उद्यासाठी राखू नका.