मैफल पाहावी की टिपावी?

२०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि अमेरिकेतील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वेदनेतून उमललेले संगीत मुंबईकरांनी बडी गाय यांच्या गिटारीतून प्रत्यक्ष ऐकले. पडेगावच्या रसिकांना उघड्या आकाशाखालची मैफल २०२३ मध्ये वेरूळ-अजिंठा महोत्सवात, सोनेरी महालाच्या प्रांगणात लाभली. संगीत भिन्न, परंतु प्रश्न एकच. एकाने छायाचित्रासाठी हात उंचावला की मागच्यालाही तो उंचवावा लागतो. अखेरीस टिपतात सारेच, पाहत कोणीच नाही. व्यक्तीच्या लाभातून समूहाचा तोटा होतो तो असा. पाश्चात्त्य मैफलींत व्यावसायिक छायाचित्रकारांनाही बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतीच, तीही फ्लॅशविना, मुभा असते. हा दंडक प्रेक्षकांनी स्वतःस लावून घेतला, तर चौथ्या गाण्यापासून मैफल सर्वांची होईल.