घरगुती ध्वनिवर्धकासाठी रोहित्राची निवड

धानाची कापणी आटोपली की चिमूर आणि त्याच्या भोवतालच्या झाडीपट्टीत रिकाम्या बांधींतून मंडप उभे राहतात व रात्रभर नाटके चालतात. भजनमंडळांना तर ऋतूचे बंधन नाही. १९४२ च्या ऑगस्टमधील चिमूरच्या उठावाशी ज्यांच्या भजनांचे नाते जोडले गेले, त्या तुकडोजी महाराजांमुळे खंजिरीला या भागात विशेष स्थान आहे. असे एखादे लहान मंडळ आपला ध्वनिवर्धक, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील अँप्लिफायर, घरीच जुळवू लागले म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो रोहित्राचा. यंत्रातील सर्वांत जड भाग हाच, आणि बहुधा सर्वांत महागही. तो निवडताना ‘जितके व्होल्ट अधिक तितका आवाज मोठा’ हा समज प्रबळ असतो. समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु मध्यरात्रीनंतर तो महाग पडू शकतो.

बाजारात ट्रान्सफॉर्मरवर ‘१२-०-१२’ किंवा ‘९-०-९’ असे लिहिलेले असते. मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंस तितक्या व्होल्टची दोन वेटोळी आहेत, असा त्याचा अर्थ. हा आकडा प्रत्यावर्ती दाबाचे परिणामी मूल्य सांगतो. डायोडांतून एकदिश झालेला प्रवाह धारित्रात साठतो तेव्हा धारित्र या मूल्यापर्यंत नव्हे, तर तरंगाच्या शिखरापर्यंत, म्हणजे त्याच्या १.४१४ पटीपर्यंत भारले जाते. डायोडात सुमारे पाऊण व्होल्ट खर्ची पडतो, एवढीच वजावट. म्हणून १२-०-१२ च्या रोहित्रापासून १२ नव्हे, १६ व्होल्टच्या आसपास धन व ऋण दाब मिळतो.

येथपर्यंतचे गणित बहुतेक हौशी कारागीर करतात. ते अपुरे आहे, कारण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : पुरवठ्याचा दाब नेमका २३० व्होल्ट आहे आणि रोहित्रावर पूर्ण भार आहे. वास्तविक लांबवर गेलेल्या वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाशी सायंकाळी, सर्व घरांचा व पंपांचा भार असताना, दाब उतरतो. भार कमी झाला की तो पुन्हा चढतो. शिवाय लहान रोहित्रावर लिहिलेले व्होल्ट पूर्ण भाराचे असतात. भार नसता ते दहा ते पंधरा टक्क्यांनी अधिक भरतात, कारण वेटोळ्याच्या रोधात तेव्हा काहीच हरपत नाही. आता रात्रीचा एक वाजला आहे, पुरवठा दहा टक्के चढला आहे आणि गायक दोन भजनांच्या मध्ये थांबला आहे अशी कल्पना करावी. भाररहित वाढ १२ टक्के धरली, तर १२ चे १४.८ व्होल्ट होतात आणि धारित्रावर सुमारे २० व्होल्ट उभे राहतात. घरगुती ध्वनिवर्धकांत फार वापरल्या गेलेल्या टीडीए २०३० या एकात्मिक मंडलाची कमाल मर्यादा धन-ऋण १८ व्होल्ट आहे. म्हणजे सायंकाळभर उत्तम गाजलेले यंत्र शांततेच्या क्षणी निकामी होण्याचा धोका आहे, आणि दोष मात्र बिचाऱ्या मंडलाला दिला जातो! त्याच परिस्थितीत ९-०-९ चे रोहित्र १५ व्होल्टांपलीकडे जात नाही.

मग आवाजाचे काय? चार ओहमच्या ध्वनिक्षेपकावर, २३० व्होल्ट पुरवठा असताना, १२-०-१२ पासून साधारण १८ वॅट व ९-०-९ पासून ९ वॅट मिळतील, असे स्थूल गणित निघते. आकडा निम्म्यावर आला. कानाला मात्र आवाज निम्मा वाटत नाही. शक्ती अर्धी होणे म्हणजे केवळ ३ डेसिबलांची घट होय, आणि ती श्रोत्याला थोडकीच जाणवते. अधिक कार्यक्षम भोंगा जोडला तर ती सहज भरून निघते. ज्यांना १२-०-१२ च वापरावयाचे असेल त्यांनी २२ व्होल्ट सोसणारे टीडीए २०३०ए घ्यावे आणि धारित्रे २५ व्होल्टांऐवजी ३५ व्होल्टांची लावावी.

दाब शिखरावरून ठरतो, तर रोहित्राचा आकार सरासरीवरून. खंजिरीची थाप क्षणिक असते. तेवढ्यापुरता प्रवाह धारित्र पुरविते. उलट नाटकातील आक्रोशाचा लांबलेला प्रवेश वेटोळे खऱ्या अर्थाने तापवितो. वर सांगितलेल्या ९ वॅटांच्या एका शाखेस २ अँपिअरचे, म्हणजे ३६ व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र ऐसपैस पुरते. उन्हाळ्यात भोवतालची हवाच ४५ अंशांवर गेलेली असते, हे ध्यानात घेता हा ऐसपैसपणा चैनीचा नव्हे. ‘२ अँपिअर’ ही चिठ्ठी खरी की खोटी, हे गाभा मोजून पाहता येते : साध्या पत्र्यांच्या गाभ्यात मधल्या दांड्याचे क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरांत, व्होल्ट-अँपिअरच्या वर्गमुळाहून थोडे अधिक असावे. ३६ साठी ते साडेसहाच्या आसपास यावे. चारच भरले तर चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये.

जुन्या परदेशी यंत्रातून काढलेले, केवळ ६० आवर्तनांसाठी बनविलेले रोहित्र येथे त्याच दाबावर चालविल्यास गाभ्यातील चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो व ते तापून गुणगुणू लागते.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. प्राथमिक व द्वितीयक वेटोळी परस्परांपासून पूर्णपणे अलग असली पाहिजेत. एकाच वेटोळ्याचे स्वस्त स्वयंरोहित्र कदापि वापरू नये. बांधीतील ओलसर जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या गायकाच्या हातात मायक्रोफोनची धातूची दांडी असते, आणि तिच्या व वीजवाहिनीच्या मध्ये प्रथम आड येते ते हे विसंवाहन. यास्तव दोन्ही वेटोळी स्वतंत्र कप्प्यांत गुंडाळलेले रोहित्र पसंत करावे, धातूची पेटी भूमीशी जोडावी आणि प्राथमिक बाजूस पाव ते अर्ध्या अँपिअरचा, मंद वितळणारा फ्यूज घालावा. फ्यूज वारंवार वितळू लागला तर जाड तार न लावता रोहित्र बाहेर काढून तपासावे.