चौथी लॅब कशाला?

ओळखीतला एक मुलगा, लग्न ठरलेला. तीन महिने उलटल्यावर तीन लॅबमध्ये एचआयव्हीची चाचणी केली, तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह. तरी रोज आरशापुढे मानेतल्या गाठी चाचपतो. घडले काय होते? मिठी आणि चुंबन, बस्स. घरात मराठीत बोलायची सोय नाही, डॉक्टरांपुढे कन्नडही सुचत नाही.

एचआयव्ही स्पर्शाने, मिठीने, लाळेने पसरत नाही. धड कातडीतून शिरत नाही. ओठांवर फोड आणणारा हर्पिस मात्र चुंबनाने लागू शकतो, सिफिलिसच्या व्रणाचा स्पर्शही बाधतो. तेव्हा फोड वा व्रण दिसला तर लाजू नये, दाखवावा. (असुरक्षित संबंध आला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावेत.)

रॅपिड चाचणी ९० दिवसांनी निगेटिव्ह आली की विषय संपला. सरकारी केंद्रात ती मोफत होते. संमती आणि गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ वर फोनही फुकट.

तरीही भीती जात नसेल तर बहुधा मनात अपराधीपणा सलत असतो. त्यावर लॅबकडे औषध नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे आहे.

हा मुलगा अखेर सरकारी केंद्रात गेला. समुपदेशक बाईंनी कन्नडमध्ये विचारले, त्याने मराठीत सांगितले. अर्धा तास बोलणे झाले. रक्त काही काढले नाही.